दुरुस्तीच्या दरपत्रकात ‘पाणी मारणे’ कुठे आहे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाऊस उघडून महिना झाला, भिंती वाळल्या, ऊन अजून सोसवते आणि गवंडी मोकळे आहेत. गच्ची, गिलावा, छज्जे, आवारभिंत यांच्या दुरुस्तीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांसारखे दिवस नाहीत. तरी बहुतेक सोसायट्या आणि घरमालक जागे होतात ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मग मिळेल तो ठेकेदार, सांगेल तो दर, आणि वळीव पडायच्या आत गच्चीवर काहीतरी फासून मोकळे. पुढच्या वर्षी त्याच जागी तीच ओल.

हंगाम चुकतो हे खरेच; पण खरी गोम दरपत्रकात असते. दुरुस्तीचे कोणतेही नेहमीचे दरपत्रक काढून पाहा. गिलावा इतके रुपये चौरस फूट, वॉटरप्रूफिंगचा कोट इतके, रंगाचे दोन हात इतके. जे डोळ्यांना दिसते त्याचे पैसे. जुना पृष्ठभाग किती खोल काढायचा, गंज कसा घालवायचा, काम झाल्यावर किती दिवस पाणी मारायचे, याची ओळच नसते. ज्याचा दर नाही ते काम कोणी करत नाही, आणि सिमेंटची दुरुस्ती टिकते ती नेमकी याच कामांवर.

सर्वांत धोक्याचे आधी. छताचे पोपडे पडून सळ्या उघड्या पडल्या की गवंड्याला बोलावून सिमेंटचा माल थापला जातो आणि वर पांढरा हात फिरतो. एक-दोन पावसाळ्यांत तोच तुकडा, आता अधिक जड होऊन, खाली येतो. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ च्या पुढे असतो आणि एवढ्या अल्कधर्मी आवरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत सामू ९ च्या आसपास आणतो, तो थर मोडतो, आणि ओल व प्राणवायू मिळताच गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. त्या दाबाने बाहेरचे काँक्रीट सुटते. म्हणजे पोपडा हा आजार नव्हे, त्याचे दिसणारे टोक आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सौम्य हवामानातही स्लॅबच्या सळईवर २० मि.मी. कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, हवे, खांबाला ४०, आणि समुद्राजवळ त्याहून जास्त. जुन्या बांधकामांत कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचे तुकडे सरकवलेले असतात. सळई पृष्ठभागापासून बोटाच्या रुंदीइतकीही आत नसते.

दुरुस्ती अशी व्हावी. आधी संपूर्ण छत लहान हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते. बद्द वाजलेली जागा खडूने आखून घ्यावी; ती पडलेल्या तुकड्याच्या कित्येक पट निघते, आणि म्हणूनच ठेकेदाराने नुसत्या नजरेने दिलेल्या अंदाजावर विसंबू नये. मग टेकू लावावेत. आखलेल्या जागेच्या कडा कटरने काटकोनात, साधारण १० मि.मी. खोल कापून घ्याव्यात. निमुळती होत गेलेली पातळ कड कधीच टिकत नाही, ती उन्हाने वळून सुटते. आतले काँक्रीट छिन्नीने फोडत सळईच्या मागे २० ते २५ मि.मी. पोकळी होईपर्यंत जावे. इथेच कामचुकारपणा होतो: सळईचा खालचा अर्धा भाग साफ करून वरचा अर्धा गंजक्या काँक्रीटमध्येच सोडला, तर नवा माल भरल्याच्या दिवसापासून मागून गंज चालूच असतो. फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले तर निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते, सामू घसरलेले तसेच राहते. खर्च किरकोळ, निकाल तत्काळ. मात्र किनारपट्टीवर गुलाबी रंग पाहून निर्धास्त होऊ नये. खाऱ्या हवेतले क्लोराइड सामू चांगला असतानाही सळई पोखरते.

सळई तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरला लावलेल्या वायर व्हीलने धातू चमकेपर्यंत घासायची आणि मग जाडी मोजायची. १० मि.मी.ची सळई ९ मि.मी. उरली तर डोळ्यांना फरक फारसा दिसत नाही, पण क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटलेले असते. अशा वेळी जोडीला नवी सळई टाकायची का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचे, गवंड्याने नव्हे. पुढे गंजरोधक लेप, तो वाळल्यावर जुन्या काँक्रीटवर बाँड कोट (जुन्याला नवे चिकटवणारा लेप), आणि बाँड कोट चिकट असतानाच माल. बाँड कोट लावून जेवायला गेलेली माणसे परत येईपर्यंत तो वाळून काच होतो. मग तो जोडण्याऐवजी तोडतो. भरायचा माल साधा सिमेंट-वाळूचा नको. ५ किलो सिमेंट, १५ किलो कोरडी चाळलेली वाळू आणि सुमारे १ लिटर एसबीआर लॅटेक्स (मालात मिसळायचा रबरी पॉलिमरचा द्रव) हे सर्वसाधारण प्रमाण. नेमके डब्यावर छापलेले असते. पाणी अगदी बेताचे, मालाचा लाडू वळता यावा इतके. एका थरात १० ते १५ मि.मी.पेक्षा जास्त भरू नये, डोक्यावरचा माल स्वतःच्या वजनाने सुटतो. लॅटेक्सच्या मालाला पहिले एक-दोन दिवस ओले ठेवून मग सावलीत हवेवर वाळू द्यावे, कारण त्यातल्या पॉलिमरचा पापुद्रा वाळतानाच बांधतो.

किनाऱ्यावरच्या इमारतींत आणखी एक दगा आहे. एक भाग नीट दुरुस्त केला की त्याच्या कडेलगतचा, पूर्वी ठणठणीत दिसणारा भाग दोन-तीन वर्षांत गंजू लागतो. काम वाईट झाले असा आरोप होतो. प्रत्यक्षात नव्या मालातली आणि जुन्या क्लोराइडयुक्त काँक्रीटमधली सळई यांच्यात विद्युत-रासायनिक फरक पडून गंज शेजारी सरकलेला असतो. म्हणून तिथे एकेक ठिगळ लावत बसण्याऐवजी क्लोराइडची चाचणी करून अख्ख्या छताचा निर्णय एकदम घ्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्यांचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सांगितले आहे. तो अहवाल कपाटात ठेवायला नसतो. दरपत्रकाचा मसुदा त्यावरून तयार करायचा असतो.

आता गच्ची. गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावर (स्लॅबवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थरावर) नवा कोबा घालण्याची पद्धत घातक आहे. विटांच्या तुकड्यांचा ४ इंची कोबा दर चौरस फुटाला १७ ते १८ किलो भरतो. वापरातल्या गच्चीवर माणसे आणि सामान यांचे वजन म्हणून आराखड्यात धरलेला भार चौरस फुटाला साधारण १४ किलो असतो. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर एक जादा कोबा म्हणजे सुमारे १० टनांचे कायमचे ओझे. काही जुन्या गच्च्यांवर असे तीन थर सापडतात, आणि खालचे दोन स्पंजासारखे पाणी धरून बसलेले असतात. नवा कोबा घालायचाच तर जुना स्लॅबपर्यंत उकरून काढूनच, आणि तो उतरवण्याचा व मलबा वाहून नेण्याचा दर वेगळा लिहून घेऊन.

पण बहुतेक वेळा कोबा उकरावाच लागत नाही. गळतीचे मूळ गच्चीच्या मधोमध क्वचित असते. ते असते कठड्याच्या बुडाशी असलेल्या वाट्यात, पावसाळी पाइपच्या तोंडाशी, आणि टाकीच्या पायाखाली किंवा कोब्यातून वर आलेल्या पाइपांभोवती. वाटा म्हणजे गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातली गोलाई. ती हातोडीने ठोकून बद्द वाजली तर तेवढीच काढून, कठडा आणि कोबा दोन्हीकडे टाचे मारून (माल धरावा म्हणून छिन्नीने खाचा पाडून), पॉलिमरच्या मालात पुन्हा भरावी. आधी पाहायचा तो उतार. १:१०० म्हणजे १० फुटांना सव्वा इंच, हा किमान. उतार नसेल तर वर कितीही महागडा लेप द्या, पाणी साचेल तिथे तो मऊ पडून सुटेल. ॲक्रिलिक लेप पाऊस वाहून जाण्यासाठी आहेत, दोन महिने साचलेल्या पाण्याखाली राहण्यासाठी नाहीत.

कोब्याच्या भेगा कटरने १० मि.मी. रुंद व तितक्याच खोल ‘व्ही’ आकारात उघडाव्यात, ब्लोअरने धूळ काढावी, पॉलिमरच्या मालाने भराव्यात. शेवाळ आणि जुना सुटा लेप पूर्ण निघाला पाहिजे. हाताने घासल्यावर तळहाताला पांढरी पूड लागत असेल तर लेप लावायची वेळ झालेली नाही. लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे, मधे कोपऱ्यांवर आणि भेगांवर फायबरची जाळी. डब्यावर जितके चौरस फूट लिहिले असतील त्याच्या दुप्पट क्षेत्र ‘उरकले’ तर ठेकेदाराने अर्धे पाणी घातले असे समजावे; रिकामे डबे मोजून घ्यायला संकोच कसला? शेवटी पावसाळी पाइपची तोंडे बंद करून गच्चीवर इंच-दोन इंच पाणी ४८ तास साचवून ठेवावे आणि खालच्या खोलीत खडूने ओलीच्या कडा आखून ठेवाव्यात. स्लॅबच कमकुवत असेल तर ही चाचणी इंजिनिअरला विचारूनच.

भिंतीच्या भेगांबद्दल थोडे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्या आकुंचनाच्या. जास्त सिमेंट, जास्त पाणी, वर कोरडे सिमेंट भुरभुरून केलेली घोटाई आणि अपुरे पाणी मारणे ही त्यांची आई. काँक्रीटचा खांब आणि वीटकाम यांच्या सांध्यावर सरळ उभी भेग दिसते, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात तापतात-आकसतात. तिथला गिलावा पट्टीने काढून सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान चार इंच जाईल अशी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) ठोकून मगच नवा गिलावा करावा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग मात्र पायाची बातमी आणते. तिच्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारून टोकांशी तारीख लिहावी आणि वर्षभर पाहावे. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडच्या काळ्या मातीत अशी भेग मे महिन्यात रुंदावते आणि ऑगस्टमध्ये मिटते. ती उन्हाळ्यात सिमेंटने ठासून भरली तर माती फुगल्यावर भिंत दुसरीकडे तडकते. तिथला खरा उपाय भिंतीवर नाही, जमिनीवर आहे: घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार दिलेला फरसबंद पट्टा, पागोळ्यांचे पाणी लांब सोडणे, आणि जोत्याला टेकून बाग न करणे.

बाहेरच्या गिलाव्याला १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल, दोन थरांत मिळून २० मि.मी.; पहिल्या थरात सिमेंटच्या दर पोत्याला २०० मि.लि. वॉटरप्रूफिंग द्रव. वाळूत गाळ किती आहे ते बरणीत पाहता येते: निम्मी बरणी वाळू, वर मीठ घातलेले पाणी, जोरात हलवून तीन तास स्थिर. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू परत पाठवावी किंवा धुऊन घ्यावी. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) गाळ नसला तरी दगडाची पूड असते, म्हणून गिलाव्यासाठी धुतलेली, गिलाव्याच्याच दर्जाची मागावी. मातीच्या विटांची भिंत आदल्या दिवशी भिजवून काम करताना वरून कोरडी असावी. एएसी ब्लॉकवर (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांवर) मात्र फक्त शिडकावा, भिजवलेला ब्लॉक पुढे महिनाभर आकसत राहतो. पाणी घालून अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवावा. घट्ट झालेल्या घमेल्यात पुन्हा पाणी ओतून तो ‘जिवंत’ करणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक गुन्हा आहे. माल मऊ होतो, ताकद जाते.

आणि पाणी मारणे. बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट आता पीपीसी, म्हणजे राखमिश्रित असते. ते सावकाश ताकद घेते. साध्या सिमेंटला ७ दिवस पुरतात, याला किमान १० हवेत, आणि १४ दिले तर उत्तम. सकाळ-संध्याकाळ नळीने फवारा म्हणजे पाणी मारणे (क्युरिंग) नव्हे. मधल्या आठ तासांत दक्षिण-पश्चिमेची भिंत पुरती वाळते. गोणपाट टांगून ते ओले ठेवावे. दरपत्रकात ‘पाणी मारणे, गोणपाटासह, १० दिवस, माणसाच्या मजुरीसह’ अशी स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र रक्कम हवी. रंग त्यानंतर, गिलावा होऊन ४ आठवडे झाल्यावर. घाईने लावलेल्या रंगाखाली क्षार आणि ओल अडकतात, आणि सहा महिन्यांत फुगवटे येतात.

जुन्या दगडी आणि जांभ्याच्या घरांना वरचे बरेच नियम लागू नाहीत, उलट घातक आहेत. पुण्या-नाशकातले वाडे, कोकण-गोव्यातली चिऱ्याची घरे चुन्यात बांधलेली आहेत. चुना श्वास घेतो. भिंतीतली ओल सांध्यांतून बाहेर पडते. त्या सांध्यांत सिमेंटने दरजा भरल्या की ओल दगडातूनच बाहेर पडू पाहते, क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात आणि जांभा पीठ होऊन गळू लागतो. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उभ्या आणि दगड आत खचलेला, असे चित्र दिसते. जोत्यावर लागलेल्या लोण्याला (ओलीबरोबर वर येणाऱ्या क्षारांना) सिमेंटचा गिलावा हा उपायही तसाच: ओल संपत नाही, गिलावा जिथे संपतो तिथपर्यंत वर चढते. मऊ झालेली दरज सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मि.मी. खोल हाताने छिन्नीने काढावी (ग्राइंडर दगडाच्या कडा खातो), धूळ धुवावी, आणि एक भाग मुरवलेला चुना, दोन ते अडीच भाग वाळू, त्यातली काही सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), असा माल दाबून भरावा. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो. ओल्या फडक्याखाली आठवडाभर तरी ठेवावे. कळीचा चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर ठरवून फेब्रुवारीपर्यंत संपवायचे. भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर शेंड्याला छाटू नये. एकाची चार मुळे होतात. दरज काढतानाच तो मुळासकट कोरून काढावा.

अंगणाचे काम तुलनेने सोपे आहे. ४ इंची काँक्रीटला ८ ते १० फुटांवर सांधा हवा, एक इंच खोल, दुसऱ्या दिवशी कापलेला. तुम्ही सांधा दिला नाही तर काँक्रीट स्वतः देते, आणि ते सरळ रेषेत देत नाही. एका पोत्याला वाळूतल्या ओलीसह ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. पेव्हर ब्लॉकचे सांधे सिमेंटने भरू नयेत, बारीक कोरडी वाळू झाडूने घालावी. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने जाते. फरशी ‘उजळायला’ ॲसिड वापरणे थांबले पाहिजे: शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, ॲसिडने त्यांचे तोंडच विरघळते आणि फरशी पुढे दुप्पट मळते. सिमेंटच्या सांध्यांचेही तेच. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना एक मागणी आहे. या हिवाळ्यात येणाऱ्या प्रत्येक दरपत्रकात चार ओळी वेगळ्या मागा: हातोडी-तपासणी आणि आखणी, मोजमापासह पृष्ठभाग तयार करणे, पाणी मारणे, आणि गच्चीची ४८ तासांची चाचणी. फोडलेली, साफ केलेली सळई माल भरण्याआधी समितीच्या सदस्याने पाहून फोटो काढल्याशिवाय त्या मोजमापाचे पैसे नाहीत, अशी अट घाला. आणि अंतिम बिलातली ५ ते १० टक्के रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेर, राखून ठेवा.

आपले,
इमारत दुरुस्तीच्या कामात असलेले दोन स्थापत्य अभियंते, ठाणे